टकली साळुंकी

“नाही हो काकू, आई नसेल त्या दिवशी. परगावी जायचंय तिला, कामासाठी,” माझी मुलगी मागच्या बागेत फोनवर बोलत होती, आणि मी, तिची आई, तिच्यापासून चार हातांवर, बाथरूमच्या खिडकीमागे दात घासत उभी होते. मला कुठेही जायचं नव्हतं. मी कवळ्या बनवते. कवळ्या बनवायला कुणी परगावी जात नाही. दातांच्या डॉक्टरांकडून बोळक्या तोंडांचे साचे येतात आणि मी एका दवाखान्याच्या तळघरात बसून त्यांना दात बसवते. हे माझ्या मुलीला पुरतं ठाऊक आहे. “हो ना, तिलाही फार वाईट वाटलं,” ती पुढे म्हणाली आणि हसली. लाघवी हसते ती. खोटं बोलताना जरा जास्तच. मी तोंडातला फेस गिळून टाकला. थुंकले असते तर आवाज झाला असता. आपण आपल्याच घरात नाही आहोत हे कानावर पडलं की आधी आवाज होऊ द्यायचा नाही, हे मला कुणी शिकवलं कोण जाणे.

मुलीच्या पाठीमागे, पाण्याच्या मातीच्या थाळीवर टकली बसली होती. टकली म्हणजे साळुंकी. बाकी अंगाने अगदी चारचौघींसारखी, तपकिरी, पंखांत पांढरा पट्टा, पण मानेपासून वर एक पीस नाही. नुसती पिवळी कातडी. त्या पिवळ्याचा रंग मी ओळखते. म्हाताऱ्या विडीबहाद्दरांचे खालचे दात करताना मी तोच काढते. पिसं नसली की पाखराचं डोकं किती लहान असतं ते पहिल्यांदा कळतं. डोळ्यामागे कानाचं भोक उघडं दिसत होतं. आणि हे असलं डोकं घेऊन ती काय करत होती, तर दोन धष्टपुष्ट पारव्यांना थाळीवरून हुसकावत होती. मान पुढे काढून, चोच वासून, शिव्या घातल्यासारखी ओरडत. पारवे उडाले. मग ती पाण्यात उतरली आणि एवढे पंख झाडले की मुलगी फोन कानाला लावूनच बाजूला सरकली. “शी! नाही नाही काकू, तुम्हाला नाही म्हटलं. इथे एक घाणेरडी साळुंकी आहे.” माझ्या हातातला ब्रश वाकला तेव्हा कळलं की मी तो किती जोरात धरला होता.

काकू म्हणजे ज्या मुलाशी माझी मुलगी लग्न करणार आहे त्याची आई. तो आणि त्याचे आईवडील रविवारी आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला येणार होते. मुलाने मला पाहिलेलं होतं, फोटोत, चार वर्षांपूर्वीच्या, कमरेपर्यंत वेणी असताना. तो फोटो मुलीने अजून फोनमध्ये पुढेच ठेवलाय. मेलेल्या माणसाचा ठेवतात तसा.

चाई पडली तेव्हा ती नाण्याएवढी होती. कानामागे. मुलीनेच दाखवली होती, केस विंचरता विंचरता. “आई, इथे एवढीशी जागा गुळगुळीत लागतेय बघ,” म्हणून तिने माझं बोट धरून तिथे नेलं आणि आम्ही दोघी हसलो होतो. मग ती जागा पसरली, दुसरी उगवली, दोन्ही एकमेकींना भेटल्या. उशीवर केस, साबणावर केस, घासातले केस. शेवटी भुवया गेल्या. केस गेल्याचं मला दुःख झालं नाही असं मी म्हणणार नाही. मी रडले, बाथरूमचा नळ सोडून रडले. पण रडून झालं. माणूस किती रडणार? मला वाटलं, आता झालं ते झालं, पोटाला भूक लागते, हाताला काम आहे, चला. पण घर थांबायला तयार नव्हतं. नवऱ्याने डॉक्टर शोधले, त्या डॉक्टरांनी डोक्यात सुया टोचल्या. सुया थकल्या तेव्हा सासूबाईंनी तेल काढलं. कसला कसला पाला, काळ्या बिया आणि काय काय लोखंडी कढईत उकळून त्या ते बनवतात, आणि दर आठवड्याला मला खाली बसवून, स्वतः खुर्चीवर बसून, माझं डोकं दोन गुडघ्यांत धरून ते जिरवतात. कातडी भाजते. मी म्हणते, “आई, आग होतेय.” त्या म्हणतात, “होणारच. म्हणजे लागू पडतंय.” आणि मग हळूच डोक्यावर फुंकर घालतात. ती फुंकर! त्यांनी मला टाकून बोलावं, माझ्या नावाने बोटं मोडावीत, मी त्यांना दोन शब्द सुनावले असते आणि मोकळी झाले असते. रागावायला समोर वाईट माणूस लागतो. माझ्या घरात एकही वाईट माणूस नाही. इथेच माझा घात झाला.

विग नवऱ्याने आणला. महागाचा, खऱ्या केसांचा. कुणाच्या, ते मी विचारलं तर म्हणाला, “अगं, तुला काय करायचंय?” मी तो तीन-चारदा घातला. तळघरात मेण वितळवायची शेगडी असते, कवळ्या घासायचं यंत्र फिरत असतं, पांढरी धूळ उडते. दुपारपर्यंत त्या केसांखाली डोकं उकडून निघायचं. एकदा वाकले आणि विगची बट यंत्रात जाता जाता राहिली. तेव्हापासून मी रुमाल बांधते, आणि तळघरात तोही काढून ठेवते. आमचे मोठे डॉक्टर एकदा खाली आले. बघून दचकले, मग खूप समजूतदारपणे म्हणाले, “तुमचं काम म्हणजे बघायला नको हो, झकास. फक्त पेशंट वर असताना तेवढं... कळलं ना?” कळलं. ज्या कवळीने त्यांचे पेशंट लग्नाकार्यांत हसतात ती मी करते. कुठला दात जरा तिरपा लावला की हसू खोटं वाटत नाही, ते मला कळतं. आणि मी जिना चढायचा नाही, कारण माझ्याजवळ खोटं काही नाही. असं मी त्यांना म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, “हो सर.”

तर अशात ती साळुंकी आमच्या बागेत आली. बाग म्हणजे काय, तळमजल्याच्या घरामागचा दोन खाटांएवढा तुकडा, एक पेरूचं झाड, दोरीवर कपडे. पण पाखरं येतात. मी पूर्वी कधी पाखरांकडे बघितलेलं नाही. चिमणी ती चिमणी, कावळा तो कावळा. टकली आली आणि मला बघायचा नाद लागला. कामावरून आले की चहा घेऊन मागच्या पायरीवर बसायचं. बघायला लागल्यावर दिसलं की चारचौघांसारखं त्यांच्यातही कुणी नसतं. एका चिमणीचा डावा पंख पांढरा होता, चुना लागल्यासारखा. एका कावळ्याची वरची चोच खालचीवर तिरकी चढली होती. तो पावाचा तुकडा मान आडवी करून उचलायचा, आणि त्याचं पोट भरत होतं. एक बुलबुल रोज आमच्या खिडकीच्या काचेशी भांडायचा. काचेतल्या स्वतःलाच टोचे मारायचा, दमायचा, झाडावर जाऊन धापा टाकायचा, परत यायचा. टकली काचेकडे कधी फिरकली नाही. ती एक वेगळंच करायची. ऊन चढलं की जमिनीवर पोट टेकून पडायची, दोन्ही पंख पसरून, पिसं विस्कटून, चोच उघडी, डोळे अर्धे मिटलेले. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, मेली. सासूबाई तांब्या घेऊन धावल्या आणि तिच्यावर पाणी ओतलं. ती फडफडून उठली आणि झाडावरून त्यांना असं काही बोलली की मी चहा सांडेपर्यंत हसले. ऊन खात होती ती. एवढंच. नंगं डोकं उन्हात घालून मजेत पडली होती, आणि लोकांनी ठरवलं की हिला काहीतरी होतंय.

मग मी शोधायला गेले. फोनवर वाचलं. पाखरांच्या डोक्याला बारीक किडे लागतात, किंवा डोक्यावरची सगळी पिसं एकदम गळतात, आणि काही आठवड्यांनी आपोआप परत येतात. आपोआप. परत. मी तो फोन पायरीवर आपटला नाही, पण फार काही कमी ठेवलं नाही. वाटलं, फसवलं हिने मला. मी समजत होते की हीही माझ्यासारखीच, आणि ही तर चार दिवस डोकं उघडं करून हवा खायला आली होती, परत जाणारी होती चारचौघींत. एका पाखराचा मत्सर! मी पन्नाशीला टेकलेली बाई, तळघरातली, एका साळुंकीवर डाफरत होते. ती आपली माझ्याकडे एका डोळ्याने बघत होती. तिला ना माझं दुःख, ना माझी सोबत. तिला पाव हवा होता.

फोनचं ते बोलणं ऐकलं त्याच दिवशी, संध्याकाळी, टकलीच्या डोक्यावर मला काटे दिसले. करड्या रंगाचे, बारीक, सरळ उभे, टाचण्या टोचल्यासारखे. नवी पिसं. मी नुसती बघत राहिले, आणि मागून सासूबाई ओरडल्या, “आली! आली! अगं, बघ, आली की नाही?”

“काय आलं, आई?”

“पिसं! माझं तेल!” त्या पायऱ्या उतरून आल्या, गुडघे दुखतात हेही विसरल्या. “रोज टाकतेय मी थाळीत. आधी थेंबच टाकायचे, म्हटलं झेपतंय का बघू. मुका जीव. तू म्हणायचीस ना, काही होत नाही तेलाने? आता बोल!”

मी थाळीजवळ जाऊन बघितलं. पाण्यावर सप्तरंगी पापुद्रा तरंगत होता. “आई, ही पिसं आपोआप येतात. तुम्ही तेल टाकू नका पाण्यात. त्यात अंघोळ करतात ती.”

“आपोआप!” त्या माझ्या डोक्यावरच्या रुमालाकडे बघून हसल्या, प्रेमाने. “आपोआप काय येतं गं? मग तुझे का नाही आले?”

जेवताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं, नवऱ्याने घास हातात धरून ऐकलं, आणि मला म्हणाला, “बघ बाई. आपण आठवड्यातून एकदाच लावतो ना. चिकाटी पाहिजे.” म्हणजे माझ्यात चिकाटी कमी होती. एका पाखराला जे जमलं ते मला जमलं नव्हतं. मुलगी ताटात बघत जेवत होती. ती काय बोलते याची मी वाट बघत होते, आणि ती म्हणाली, “आजी, पाहुणे यायच्या आत तिचं डोकं भरेल का? बागेत बसवायचंय त्यांना.”

मी ताट घेऊन उठले. ती माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. नळ वाहत होता.

“आई, रविवारी तू... लॅबमध्ये काम असतं का गं रविवारी?”

“परगावी असतं,” मी म्हटलं.

ती म्हणाली, “ऐकलंस तू.”

“दात घासत होते.”

“मग तू विग का घालत नाहीस? एक दिवस! फक्त एक दिवस, आई. मी तुला जा म्हणत नाहीये. तो घाल आणि बस ना सगळ्यांत. तू हट्ट करतेस आणि मला खोटं बोलायला लावतेस.”

“मी लावते?”

“मग काय! ते विचारणार, काय झालंय, हे आनुवंशिक आहे का. मला नाही विचारणार तोंडावर, मागे बोलतील. मग तो माझ्या डोक्याकडे बघत राहील जन्मभर. मी बघते ना! मी रोज सकाळी कानामागे बोट फिरवून बघते.” तिचे डोळे भरले होते, पण आवाज चढलेला होता, आणि तो मला तिच्या डोळ्यांपेक्षा बरा वाटला. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. हात साबणाचे होते. आणि खरं सांगायचं तर साबणाचे नसते तरी घेतलं नसतं. माझं बघून ती बोट फिरवत होती, स्वतःच्या कानामागे, रोज. मी तिच्यासाठी आई राहिले नव्हते, मी एक लक्षण झाले होते. “जाईन मी रविवारी,” मी म्हटलं. “मागच्या दाराने जाईन. काळजी करू नकोस.”

रविवारी मी रुमाल बांधला, पर्स घेतली. पुढच्या खोलीत नवे अभ्रे घातले होते, नवरा खुर्च्या इकडच्या तिकडे आणि तिकडच्या इकडे करत होता. मला बघून म्हणाला, “अगं, संध्याकाळपर्यंत ये हां,” जशी मी खरंच गाडी पकडायला निघाले होते. पुढे घंटी वाजली आणि मी मागचं दार उघडलं. टकली थाळीपाशी जमिनीवर पडली होती. पंख पसरलेले, चोच उघडी. मला वाटलं, ऊन खातेय. पण ऊन नव्हतं तिथे. जवळ गेले तरी उठली नाही. पिसं एकमेकांना चिकटून दोऱ्यांसारखी झाली होती, मधून कातडी दिसत होती, अंगभर. आता ती सगळीच टकली होती. थाळी तेलाने काळी झाली होती. अख्खी बाटली. तिने पंख उचलायचा प्रयत्न केला, तो अर्ध्यावर आला आणि खाली आपटला. शेजारच्या भिंतीवर मांजर येऊन बसलं होतं, कसलीच घाई नसल्यासारखं.

मी रुमाल सोडला आणि तिला त्यात गुंडाळलं. विचार करून नाही. हाताला तेवढंच कापड होतं. बाथरूममध्ये आले, कोमट पाणी काढलं, भांड्यांचा साबण घेतला. कवळीवरचं मेण काढतात तसंच हेही निघेल, दुसरं काय. एका हाताने धरलं, दुसऱ्याने पिसांच्या कलाने चोळत राहिले. पाणी काळं झालं, ओतलं, परत काढलं. ती अंगठ्याला चोच मारत होती. मार, म्हटलं, मार. सासूबाई दारात आल्या आणि तिथेच थबकल्या.

“पाहुणे आलेत गं बाहेर! तू गेली नाहीस? आणि हे काय, रुमाल कुठंय?”

“बाटली तुम्ही ओतलीत?”

“म्हटलं, आज पाहुणे... तिलाही जरा बरं दिसू दे...” त्यांनी पाखराकडे बघितलं. चेहरा पडला त्यांचा. “मरतेय का गं? अगं, मी तिच्या भल्यासाठीच...”

“ठाऊक आहे!” मी ओरडले. इतकी वर्षं गिळलेलं सगळं त्या दोन शब्दांत आलं, आणि बाहेरच्या खोलीतलं बोलणं बंद पडलं. “सगळं भल्यासाठीच! ठाऊक आहे मला! आता पाणी द्या तेवढं, की तेही तेलाचंच देणार?”

बाहेर कुणीतरी खाकरलं. मग एक बाई, भरल्या अंगाची, चांगली साडी, हात धुवायच्या निमित्ताने आत आल्या. वाट नवऱ्याने दाखवली होती, सवयीने. त्यांच्या मागे माझी मुलगी, पांढरी फटक. बाईंनी मला बघितलं, डोकं बघितलं, बादली बघितली.

“अगं बाई! काय झालं हिला?”

“तेल लागलंय.”

“आणि तुम्ही... इथे कामाला असता का?”

मी मुलीकडे बघितलं. “सांग यांना.”

तिच्या ओठांवर ते लाघवी हसू यायला लागलं. मी बघत होते, मला त्यातलं कळतं. ते एका बाजूने बसलं, दुसऱ्या बाजूने बसेना. साचा चुकला की असं होतं. कितीही दाबा, वर उचलून येतं. शेवटी ते पडलंच. “आई आहे,” ती म्हणाली.

“कुणाची?”

“माझी. परगावी नव्हती जाणार. मी खोटं सांगितलं तुम्हाला.”

आता काय ते होऊ दे, असं मला वाटलं. पाखराच्या छातीत माझ्या बोटांखाली धडधड चालू होती. पण त्या बाई रागावल्या नाहीत. उलट विरघळल्या. “अहो, मग त्यात लपवायचं काय एवढं! माझ्या भाचीला अस्संच झालं होतं, हातावर मोजण्याइतके केस. आता बघा तिला! एक तेल मिळतं...”

“कुठलं हो?” सासूबाई पुढे झाल्या.

“तेल नको!” मुलगी किंचाळली. तो आवाज तिचा नव्हता, माझा होता, जसाच्या तसा. मी तो मघाशी काढला होता. “कुणी तिला तेल लावायचं नाही! तिला काही झालेलं नाही! काकू, बाजूला व्हा, ते पाणी घाण झालंय.” तिने बादली उचलली, नव्या कपड्यांसकट, आणि अर्धी मोरीत, अर्धी त्या बाईंच्या साडीवर ओतली. बाई “अय्या” म्हणून मागे सरल्या. बाहेर नवरा विचारत होता, काय झालं, काय झालं, आणि त्याला कुणी उत्तर देत नव्हतं.

मुलीने नळ सोडला. “कोमट की गार?” तिने माझ्याकडे न बघता विचारलं.

“कोमट.”

मी तिला माफ केलं नाही. लग्न ठरलं की मोडलं ते अजून कुणी बोलत नव्हतं, आणि त्यातलं काय झालेलं मला आवडेल, तेही मला सांगता आलं नसतं. राग तेवढाच होता, जराही उतरला नव्हता. फक्त आता त्या बाथरूममध्ये चिडलेल्या आम्ही दोघी होतो, आणि तिसरी माझ्या अंगठ्यातून रक्त काढत होती.